पाखरू उठू न देता : नाथसागरावर पहिल्यांदा पाणपक्षी पाहायला निघताना

माझे आजोबा शिकारी होते. गोदाकाठच्या आमच्या गावात त्यांच्याकडे परवान्याची बारा बोरची बंदूक होती आणि हिवाळ्यात तळ्यावर बदकं उतरली की ते पहाटे चारला उठून निघायचे. मी कळता झालो तोवर बंदूक कधीच जमा झाली होती, पण पहाटेची फेरी त्यांनी सोडली नव्हती. मला सोबत न्यायचे. बाभळीच्या बुडाशी घोंगडी पांघरून बसायचे, चिमटीभर माती हातातून सोडून वारा बघायचे आणि मग तासभर मानही हलवायचे नाहीत. मी चुळबुळ केली आणि समोरची बदकं उडाली, तरी ते रागवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "पाखरू उठलं. चला घरी."

शिकाऱ्याच्या हिशेबात पल्ल्यात येण्याआधी उठलेलं पाखरू म्हणजे वाया गेलेली पहाट. नुसतं बघायला जाणाऱ्यानेही हाच हिशेब ठेवावा असं मला मनापासून वाटतं. आपण आलो, बसलो, पाहिलं, निघालो आणि पाखरांना पत्ताही लागला नाही, तर फेरी साधली. हल्ली हिवाळ्यात पैठणकडे पुष्कळ नवी मंडळी येतात. त्यांच्याकडे भारी कॅमेरे असतात, हौसही खरी असते, पण टेहळणी कशी करायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग गाडी थेट काठापर्यंत येते, दारं धाडधाड लागतात आणि अर्धा थवा पलीकडच्या काठाला जातो. शिकाऱ्याची विद्या बंदुकीपेक्षा जुनी आहे. जमीन वाचणं, वारा ओळखणं, दडून बसणं, वाट पाहणं हे सगळं बंदुकीशिवायही तेवढंच लागतं. ते कसं शिकायचं, तेवढंच इथे सांगतो.

आधी कायद्याचं

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही पाखरांची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. त्यामुळे कुणी "हिवाळ्यात बदकं मारायला चला" म्हणालं, तर तो गुन्हा आहे, विषय संपला. पण नवख्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष टाकणं, पाखरांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीतच मोडतो. उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यावर दगड भिरकावणारा माणूस आपण काही वावगं करतोय असं समजत नाही. त्याने ही व्याख्या एकदा वाचावी.

नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आत जाण्याचे नियम आहेत. पहिल्या फेरीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कुठे जाता येतं, परवानगी लागते का, शुल्क किती, हे विचारून घ्या. तिथला वनरक्षक एका चहात जेवढं सांगेल तेवढं नकाशा सांगणार नाही. धरणाची भिंत आणि दरवाजांचा परिसर सुरक्षेचा असतो, तिकडे दुर्बीण काढू नका. ड्रोनचा तर विचारही नको.

जागा हेरणे

घरी बसून करायचं काम हे आहे, आणि बहुतेक जण हेच गाळतात.

नाथसागर समजून घ्यायचा तर त्याची ठेवण समजली पाहिजे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. भिंत जवळपास १० किलोमीटर लांब, दरवाजे २७. आधी हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून वर पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. पण पाखरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. पूर्ण भरला की हा जलाशय साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि त्यात सुमारे २९०० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. भागाकार करून पाहा, सरासरी खोली ८ मीटरच्या आसपास येते. म्हणजे हे कुठल्या खोल दरीत साठलेलं पाणी नाही, सपाट रानावर पसरलेली परात आहे. पाणी हातभर उतरलं की काठ कुठल्या कुठे मागे सरकतो आणि मागे ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शंख, कोवळं गवत. पाखरं येतात ती याच उथळ पट्ट्यासाठी.

म्हणून निघण्याआधी धरणात पाणी किती टक्के आहे ते बघा. रोजचा आकडा बातम्यांत येतो. धरण तुडुंब असेल तर गाळाचा पट्टा पाण्याखाली असतो, पाखरं विखुरलेली असतात, चिखलात चोच खुपसून खाणारी तर फारच थोडी दिसतात. अशा वर्षी मी नोव्हेंबरात घाई करत नाही, पाणी उतरण्याची वाट बघतो. पाणी उतरतं राहिलं की शेतकरी उघड्या पडलेल्या जमिनीत गहू-हरभरा पेरतात. याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. ज्या काठाला गाळपेर आहे, समोर उथळ पाणी आहे आणि जवळून मोठा रस्ता गेलेला नाही, तो काठ हेरून ठेवायचा.

मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात अशा जागा दिसतात. पाण्याची जिथे बोटासारखी शिरलेली टोकं आहेत, तिथे ओढे येऊन मिळतात आणि पाणी उथळ असतं. तीन-चार टोकांवर खुणा करा. मग प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा : सकाळी सूर्य कुठे असेल? सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी बसायचं तर पाण्याच्या पूर्वेच्या काठाला, संध्याकाळी पश्चिमेच्या. उजेड समोरून आला तर वारकरी पक्षी आणि चक्रांग बदक दोन्ही काळेच दिसणार, मग घरी येऊन पुस्तक चाळत बसा.

पैठण छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. सोनेवाडी, पिंपळवाडी या बाजूला पक्षी पाहणारे नेहमी जातात, पहिल्या फेरीला तो भाग बरा. पण मराठवाडा म्हणजे एकटा नाथसागर नव्हे. माजलगाव, धनेगावचं मांजरा धरण, येलदरी, सिद्धेश्वर, नांदेडचं विष्णुपुरी, यातलं तुमच्या घराजवळचं जे असेल तिथून सुरुवात करा. संभाजीनगर शहरातच राहत असाल तर दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर आहे, जुनं नाव खिजरी तलाव. माझं प्रामाणिक मत असं की नवख्याने पहिला महिना गावातल्या तळ्यावरच काढावा. तिथे बसायला शिकलेला माणूस नाथसागरावर वाया जात नाही.

मोकळ्या हातांची पहिली फेरी

पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. खरंच ठेवा. हातात कॅमेरा असला की डोळा पाखरावर जातो आणि जमीन वाचायची राहून जाते. ही फेरी टेहळणीची.

दुपारी बाराच्या सुमारास जा, तेव्हा तुमच्या येण्याने फारसं कुणाचं खाणं मोडत नाही. काठावर आधी माणसं भेटतील. त्यांना राम राम घाला, कोण कुठले ते सांगा, आणि मग विचारा. एका गाळपेर करणाऱ्या मामांनी मला जे सांगितलं ते मी अजून वहीत जपून ठेवलंय : "दिसा कायी दिसनार न्हाई तुमाला. रातच्याला येतेत, पार तांबडं फुटंस्तोवर हरभऱ्याचे शेंडे खुडतेत अन् मंग पान्यावर जाऊन बसतेत. त्या वाळलेल्या बाभळीच्या डोस्क्यावरनं जातेत रोज." झालं. राजहंसाची, म्हणजे पट्टकादंबाची (पुढे नुसतं कादंब म्हणतो) अख्खी दिनचर्या आणि उडण्याची वाट एका दमात मिळाली. हे पाखरू रात्री नि पहाटे चरतं, दिवसा उघड्या काठावर किंवा पाण्यातल्या बेटावर विसावतं. जाळी टाकणारे भोई दादा तर याहून पुढचं सांगतात, कारण ते रोज पाण्यात असतात. गुराख्याला विचारलं तर टिटवीचं घरटं कुठे टाळायचं तेही कळतं. एक मात्र ध्यानात असू द्या. ज्याच्या हरभऱ्याचं नुकसान झालंय त्याच्यासमोर "किती सुंदर पाखरं" असं म्हणू नका. आधी त्याचं ऐका.

मग जमीन बघा. ओल्या गाळावर पाऊलखुणा वाचायला बसूनच बघावं लागतं. बदक आणि कादंबाच्या पावलात तीन बोटं आणि त्यांना जोडणारा पडदा उमटतो, पंख्यासारखा. कादंबाचं पाऊल बदकापेक्षा ठळक मोठं. शेकाट्याची बोटं काडीसारखी बारीक आणि टांगा लांब, म्हणून दोन पावलांत अंतर जास्त. बगळ्याला मागचं बोट लांब असतं, ते चिखलात स्पष्ट रुतलेलं दिसतं. खुणेच्या कडा धारदार आणि आत पाणी झिरपतंय, तर ती सकाळची आहे. कडा सुकून भेगाळल्या असतील तर दोन-तीन दिवसांची. कादंबाची विष्ठा हिरवट, बोटाएवढ्या लांब कांड्यांची, एका टोकाला पांढरी झाक असलेली, आणि ती पुंजक्याने सापडते. जिथे अशी ताजी विष्ठा, गळालेली पिसं आणि खुडलेले शेंडे एकत्र दिसतील ती चरण्याची जागा. जिथे नुसती विष्ठा आणि पिसं, पण खाल्ल्याची खूण नाही, ती विसाव्याची. दुसऱ्या दिवशी कुठे बसायचं हे या दोन जागांवरून ठरतं. चरण्याच्या जागेवर बसायचं नाही आणि विसाव्याच्या जागेवरही नाही. दोन्हींच्या मधली, बाजूला सरकलेली जागा बघायची, जिथून जाणं-येणं डोळ्यांसमोरून होईल.

गाळाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मी त्यात अडकलो आहे. वरून पापुद्रा वाळलेला, भेगा पडलेल्या, चालता येईल असं वाटणारं रान. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. पाय उपसायला गेलो तर दुसरा मांडीपर्यंत गेला. आपल्या काळ्या मातीचा गाळ पायाला धरून ठेवतो, ओढलं तर बूट तिथेच राहतो. मी शेवटी पाठीवरची पिशवी समोर टाकून तिच्यावर पोट टेकवलं आणि सरपटत मागे आलो. अर्धा तास लागला, आणि आसपास कुणी नव्हतं. तेव्हापासून हातात काठी असते. प्रत्येक नव्या जागी काठी आधी जाते, पाय नंतर. काठी वीतभर सहज रुतली की मागे फिरायचं. एकट्याने जायचं झालंच तर घरी जागा सांगून जा. गवतात पाय टाकण्याआधीही काठीच आपटा. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या भागात आहेत, आणि थंडीच्या सकाळी ती उन्हाला येऊन पडतात.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यास मोठा तर पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र उजळ. दहा पटीची दुर्बीण ऐकायला बरी वाटते, पण नवख्याच्या हातात ती थरथरते. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी, बसायला जुनं पोतं. कपडे मळखाऊ, वाळलेल्या गवताच्या रंगाचे. पांढरा सदरा मात्र नकोच, कोसावरून उठून दिसतो.

दडण

आता खरं काम. सूर्य डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास उगवतो, तर तुम्ही सव्वासहाला जागेवर बसलेले हवेत. गाडी किमान अर्धा किलोमीटर मागे. दार हलक्या हाताने लावा, मोबाइल मुका करा, टॉर्चचा झोत पायाशी ठेवा. बांधावरून चालत जायचं नाही. बांधाच्या माथ्यावर उभा माणूस आभाळाच्या पडद्यावर उमटतो आणि पाण्यावरच्या प्रत्येक पाखराला दिसतो. बांधाच्या खालून, वाकून जायचं.

वारा बघा. आजोबांची चिमूट अजून चालते. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो. पाखरू वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उठतं. वारा तुमच्या पाठीकडून असेल तर उतरणारा थवा तुमच्याकडे तोंड करून, पाय पुढे टाकत, पंख फैलावून खाली येतो. शिकारी याच कारणाने वारा पाठीशी घ्यायचे. पूर्वेच्या काठावर सकाळी बसलात तर ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात. आपल्या भागातल्या हिवाळ्याचं हे देणं आहे, ते वापरा.

दडण बांधायला फांद्या तोडू नका. अभयारण्यात तर काडीही मोडायची नाही. मी घरून मातकट रंगाची जुनी चादर आणि चार बांबूच्या काड्या नेतो. चादर कंबरेइतक्या उंचीवर, समोर आणि बाजूंनी. मागे झुडूप किंवा उंचवटा असावा, म्हणजे डोक्याची आकृती उठून दिसत नाही. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. ते जवळजवळ चहूकडे बघतं, आणि त्याला सगळ्यात आधी कळते ती हालचाल. रंगापेक्षा हालचाल शंभर पट वाईट. दुर्बीण डोळ्याला लावायची तर ती एका दमात उचलायची नाही, श्वास सोडत हळूहळू वर न्यायची. पाण्यापासून शंभर पावलं मागे बसणं मला योग्य वाटतं. पाखरू स्वतः होऊन जवळ आलं तर ते त्याचं.

आता जे सांगतो ते दोनदा वाचा. थवा उडण्याआधी सांगतो. समोर चाळीस-पन्नास कादंब गवतात चरत आहेत, माना खाली, पाठी गोल. एक मान वर येते. ती पहारेकऱ्याची, ती कायम वर असतेच, तिची चिंता नको. मग दुसरी, तिसरी, आणि पाहता पाहता अर्ध्या माना खांबासारख्या ताठ. चोची थांबल्या. हलका घोगरा आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काही जण चालू लागतात, सगळे एकाच दिशेला, वाऱ्याकडे. ही शेवटची पायरी. यानंतर उठतात. तुम्ही पहिली वर येणारी मान नाही, पाचवी मान पाहून थांबायचं. आहात तिथे गोठा. वाकलेले असाल तर वाकलेलेच राहा. मिनिट, दोन मिनिटं, कधी दहा. माना एक एक करून खाली जातील. सगळ्या खाली गेल्या म्हणजे तुम्हाला माफी मिळाली, पण पुढे सरकू नका, तिथेच बसा. बदकांमध्ये खूण वेगळी. ती काठापासून आत पोहायला लागतात, सगळी एका दिशेला तोंड करून. तेव्हा थांबायचं.

कधी कधी तुम्ही दगडासारखे बसलेले असता आणि तरी अख्खा जलाशय उठतो. वर बघा. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत चालला असेल, नाहीतर ससाणा. ती तुमची चूक नव्हे. पाखरं चक्कर मारून परत बसतील, आणि बसताना वाऱ्याकडे कशी वळतात ते बघायची तीच वेळ.

हे एवढं का, असं कुणी विचारतं. कादंब मध्य आशियातून, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात मानेला पट्टे बांधलेले कादंब भारतात दिसले आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतायचं तर त्यांच्या अंगावर चरबी साठलेली हवी, आणि ती साठते याच गाळपेरीत चरून, याच काठावर विसावून. दिवसातून चार वेळा उठवलेला थवा तेवढं इंधन इथेच जाळतो. एका वर्षी मी समोरच्या काठावरून पाहिलं : होडीतून आलेला एक गट फोटोसाठी त्याच थव्याला तीनदा उठवत राहिला. तिसऱ्या वेळी थवा परत बसला नाही. पुढचे आठ दिवस ती जागा मोकळी होती.

ओळख

सगळी पाखरं एका फेरीत ओळखायचा हट्ट नको. आपल्या भाषेतली नावं इतकी नेमकी आहेत की नावावरून पाखरू सापडतं. वारकरी बघा : अंग काळंभोर, कपाळावर पांढराशुभ्र ठिपका, गोपीचंदन लावल्यासारखा. पैठणच्या पाण्यावर शेकड्यांनी दिसतात आणि नाव कुणी ठेवलं असेल त्याला दंडवत घालावासा वाटतो. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका. हे बारमाही इथलंच, नर-मादी सारखेच. थापट्याची चोच पसरट, थापीसारखी, पाण्यावर टेकवून गाळत पुढे जातो. तलवार बदकाची शेपटी लांब नि टोकदार, नराची मान पांढरी. चक्रवाक केशरी-तांबूस, डोकं फिकट, जोडीजोडीने, घोगऱ्या नाकातल्या आवाजात एकमेकांना साद घालणारे. कादंब राखाडी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, आडवे. या सहांवर पहिला हिवाळा काढा.

माद्यांनी नवखे हैराण होतात, कारण बहुतेक सगळ्या भुरकट. तिथे रंग सोडा, चोचीचा आकार धरा. आणि उठण्याची पद्धत धरा. थापट्या, तलवार, चक्रांग ही उथळ पाण्यात शेपटी वर करून खाणारी बदकं जागेवरून सरळ वर उठतात. लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी, त्यांचे पाय शरीराच्या मागे असतात, म्हणून त्यांना पाण्यावरून धावत जाऊन उठावं लागतं. वारकरीही तसाच धावतो. उन्हाच्या तिरिपीत रंग दिसला नाही तरी एवढ्यावरून निम्मी ओळख होते.

पाणी खूप उतरलेल्या वर्षी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. त्या दिवशी गर्दी होते, आणि गर्दीत मी जात नाही.

मोजणी आणि वही

पाहिलेलं लिहून ठेवा : तारीख, वेळ, जागा, वारा, पाण्याची पातळी, पाखरू, संख्या. मोजताना आधी दहा पाखरं मोजा आणि त्यांनी दुर्बिणीत केवढी जागा व्यापली ते डोळ्यात भरून घ्या. मग तेवढेच तुकडे थव्यावर ठेवत जा. दाट थव्यात शंभराचा तुकडा धरा. दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, भारतीय उपखंडात १९८७ पासून. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन्ही वेळी वनखात्याबरोबर आणि पक्षिमित्रांबरोबर मोजायला बसा. जाणत्या माणसाशेजारी एक सकाळ बसलात तर वर्षाचं शिकणं होतं. नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाव्यात, पण दुर्मीळ पाखराच्या घरट्याची नेमकी जागा उघड करू नका.

काठावर बारीक नायलॉनचा फास, झुडपांमध्ये ताणलेलं जाळं किंवा संशयास्पद पसरलेले दाणे दिसले तर हात लावू नका. फोटो घ्या, जागा नकाशावर नोंदवा, आणि १९२६ या वनखात्याच्या मदत क्रमांकावर कळवा. कुणाचं काम असेल याचे अंदाज बांधून गावात बोलू नका. आपल्याकडे अशा वेळी बोट लगेच पारध्यांच्या वस्तीकडे जातं, आणि मी पाहिलंय, पुष्कळदा ते चुकीच्या माणसावर येतं. पाखरांची जेवढी समज त्या वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे तेवढी माझ्याकडे नाही. माग काढायला शिकायचा असेल तर त्यांच्यापैकी कुणाला मान देऊन, कामाचे पैसे देऊन सोबत न्यावं.

निघताना

नऊ-साडेनऊला ऊन चढतं, पाण्यावर झळ उठते आणि दुर्बिणीत सगळं लवलवायला लागतं. तेव्हा आवरायला घ्या, पण लगेच उभे राहू नका. समोर थवा असेल तर तो पोहत किंवा चरत लांब जाईपर्यंत थांबा. मग बसूनच चादर गुंडाळा, काड्या उपसा, पोतं झटका, आणि आलात त्याच वाटेने बांधाच्या खालून वाकून मागे या. गाडीपाशी पोचल्यावर एकदा वळून दुर्बीण लावा. माना खाली असतील, तर पुढच्या रविवारी याच जागी बसा. वर असतील, तर वहीत लिहा कुठे चुकलं, आणि ती जागा दोन आठवडे सोडून द्या.